हणमंतराव शेडगे यांच्या उजव्या हाताची बखर

॥ श्री ॥ अक्षराची धनीण शारदा आणि अद्याप अक्षर न फुटलेल्या लेकरांचा पाठीराखा गजानन, उभयतांस दंडवत घालोन लिहावयास कारण ऐसे जे, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास, मंदवारी सकाळचे प्रहरी बालवाडीचे राज्यात बाबालोकांचा समारंभ जाहला आणि त्यात हातांचा जो प्रकार घडला तो साद्यंत लिहोन द्यावा, ऐशी संस्थेच्या थोरल्या बाईसाहेबांची आज्ञा जाहली. बाईसाहेब ते दिवशी परगावी होत्या आणि त्यांचे कानी चार तोंडांनी चार गोष्टी गेल्या. आम्ही दाराशी चपलांचे रखवालीस होतो आणि सर्व डोळां देखिले, म्हणोन लेखणी आमचे हाती आली. वर्तमान येणेप्रमाणे.

राज्य लहान. दालन एक, व्हरांडा एक, घसरगुंडी एक आणि तीही पावसाळ्यात बंद. प्रजा तेवीस, वये चार-साडेचार, आणि मुलूख कारखान्यांचा. कारभार सुमेधाताई पाहात. ताई कामास वाघीण, एक टाळी वाजविली की तेवीस तोंडे मिटत, आणि मन लोण्याचे; परंतु काम नीटनेटके दिसले पाहिजे हा त्यांचा हट्ट भारी, चित्र भिंतीस तसूभर तिरके लागले तरी त्यांचे घशाखाली घास उतरत नसे. त्यांनी मसलत बसविली की मातांचे कौतुक वर्षभर होते, बाबांस कोणी पुसत नाही, तरी एक दिवस त्यांचा करावा. मदतनीस मावशी बोलिल्या, "पितृदिन म्हनू नका बाई, लोक तांदळाची खीर घेऊन येतील." मग 'बाबांचा दिवस' ऐसे नाव मुक्रर जाहले. मग भेट काय करावी हा विचार पडला आणि कोणी सुचविले की कागदाचा टाय करावा. तेव्हा ताई बोलिल्या, "आपल्याकडे टाय घालणारे बाबा दोन. बाकीच्यांनी तो कुठे बांधायचा?" आणि टाय बारगळला. मग हात ठरला. हुकूम सुटला की प्रत्येक मुलाने घरी बाबांचा उजवा हात कागदावर ठेवोन भोवती पेन्सिल फिरवावी आणि तो कागद आणावा, मग वर्गात कापावा, रंगवावा, सजवावा. समारंभाचे दिवशी तमाम हात दोरीस टांगावे, वरती नाव घालू नये, आणि बाबांनी आपला हात आपण ओळखावा. ओळखेपर्यंत मुलांनी तोंडावर बोट ठेवोन उभे राहावे. ओळखिला म्हणजे बाबांनी मूल खांद्यावर घ्यावे आणि सर्वांनी टाळी वाजवावी. खेळ उत्तम होता, यात संशय नाही.

प्रजेत ईश्वरी शेडगे म्हणोन एक मुलगी. बोलणे थोडे, पाहणे फार. तिचे बाबा हणमंतराव कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबावयाचे यंत्रावर, होते. दोन वर्षांमागे उजव्या हाताची अंगठ्याजवळील दोन बोटे प्रेसखाली मुळापासोन गेली, आणि तेव्हापासोन कारखान्याने त्यांस रात्रपाळीचे पहाऱ्यावर घातले. सकाळी पाळी सुटली की लेकीस दारापर्यंत आणीत, उजवा हात खिशात, डाव्या हाताने दप्तर देत आणि माघारी फिरत. दाराचे आत पाऊल कधी घातले नाही. पालकसभा होत, तेव्हा मातोश्री येत. खिशाचे कारण राज्यात कोणास ठाऊक नव्हते. आम्हांस होते. एके दिवशी लेकीचे सँडलचा पट्टा बसेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हात लाविले आणि आम्ही पाहिले, आणि आम्ही पाहिले हे त्यांनी पाहिले. आम्ही गप्प राहिलो.

हुकुमाचे दुसरे दिवशी ईश्वरीने कागद आणिला. बाबा दुपारी निजले असता हात चटईवर पसरला होता, तिने खाली कागद सरकविला आणि भोवती पेन्सिल फिरविली, हे तिने मागाहून सांगितले. बोटे तीन होती. ताईंनी पाहिले आणि त्यांचे मनात आले की निजल्या माणसाने बोटे मुडपली असतील, अथवा पोरीची पेन्सिल चुकली असेल, आणि हा हात दोरीस लागला म्हणजे बाकीची पोरे हसतील. म्हणोन दयेपोटी त्यांनी त्याच रंगाचे कागदाची दोन बोटे कापिली आणि फेविकॉलने जागचे जागी चिकटविली. ईश्वरी बोलिली, "ताई, ती नकोत." ताई बोलिल्या, "अगं, सगळ्यांच्या बाबांना पाच बोटं असतात की नाही? आता बघ, कसा छान दिसतोय!" आणि पलीकडे एकाने डिंकाची बाटली उपडी केली म्हणोन तिकडे धावल्या. पोर त्या हाताकडे पाहात राहिली आणि मग तिने तो रंगविला, परंतु चिकटविल्या दोन बोटांस रंग लाविला नाही. तोही मागाहून ताईंनीच लाविला. आम्ही दारातोन सर्व पाहात होतो. उठोन चार शब्द बोलावे ऐसे मनात आले, परंतु आपण चपलांचे मानकरी, बोटांचे कारभारात कशास पडावे, ऐसे म्हणोन बसलो. हे लिहिताना लाज वाटते.

मग मंदवार उजाडला. बाबा मंडळी पातली. कोणी रिक्षावाले, कोणी बँकेतले, कोणी वडापावचे गाडीचे धनी, एक डॉक्टर, आणि सर्वांचे मुखावर परीक्षेस बसल्याची कळा. सर्वांमागे हणमंतराव आले. रात्रपाळी करोन, दाढी करोन, इस्त्रीचा सदरा घालोन, उजवा हात खिशात. दाराशी थबकले. आम्ही म्हटले, "जा की आत. आठ दिवस पोरगी तुमची वाट बघतीय." ते बोलिले, "तिनं शपथ घातली म्हनून आलो." आणि चपला काढोन आत गेले, प्रथमच.

खेळ सुरू जाहला. रिक्षावाल्याने घड्याळावरोन ओळखिला, बँकवाल्याने अंगठीवरोन. डॉक्टरसाहेबांनी भलताच हात उतरविला, तेव्हा त्यांचे चिरंजीवांनी तोंडावरचे बोट काढोन गळा काढिला आणि डॉक्टर घाबरले, मोठी गंमत जाहली. एकेक मूल खांद्यावर चढले आणि टाळ्या पडल्या. अखेर दोरीवर एक हात राहिला, पाच बोटांचा, आणि खाली एक बाप राहिला आणि समोर तोंडावर बोट ठेवोन एक मुलगी. ताई हसोन बोलिल्या, "आता काय ओळखायचंय? घ्या उतरवून, तुमचाच तो!" सर्वांनी टाळीस हात उचलिले. हणमंतरावांनी डाव्या हाताने तो हात उतरविला आणि पाहात राहिले. घेतला असता तर काम भागत होते. शंभर डोळ्यांदेखत पाच बोटांचे धनी होवोन घरी जाता आले असते, आणि कोणी काही पुसते ना. ते त्यांचेही मनात आले असावे, कां जे हात त्यांनी छातीशी धरिला. मग लेकीकडे पाहिले. ती जागची हालली नाही, नियमाप्रमाणे बोट तोंडावरच होते, परंतु डोळे भरले होते आणि मान हळूच नाही म्हणोन हालत होती.

तेव्हा हणमंतराव बोलिले, "ताई, ह्यो माझा हात न्हाई."

ताई म्हणाल्या, "अहो, असं कसं? दुसरा उरलाच नाही." मग हणमंतरावांनी कागद मेजावर ठेविला आणि उजवा हात खिशातून काढोन सर्वांदेखत त्यावर ठेविला. अंगठा अंगठ्यावर बसला, करंगळी करंगळीवर, तिचे शेजारचे बोट बोटावर, आणि दोन कागदी बोटे तेवढी उघडी राहिली. मग ईश्वरीने तोंडावरचे बोट काढिले आणि बोलिली, "मी बरोबर काढला होता. ताईंनी चिकटवली."

ताईंचा चेहरा उतरला. दुसरी असती तर सारवासारव करती. त्या खाली फरशीवर पोरीचे पुढ्यात बसल्या आणि बोलिल्या, "चुकलं माझं, बाळा. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही." आणि हणमंतरावांकडे पाहोन हात जोडिले. मग कागद मांडीवर घेवोन नखाने चिकटविले बोट सोडवू लागल्या. गोंद वाळला होता, कागद करकरला. तो ईश्वरीने त्यांचे मनगट धरिले आणि बोलिली,

"हळू काढा ना ताई. बाबांना दुखेल."

ताईंचा हात थांबला. हणमंतराव गुडघ्यांवर बसले आणि त्याच हाताने लेकीचे डोके जवळ घेतले आणि बोलिले, "आता न्हाई दुखत गं. काढू दे त्यास्नी." मग ताईंनी दोन्ही बोटे सोडविली आणि हणमंतरावांनी लेक खांद्यावर घेतली. टाळी वाजविण्याचा नियम होता, परंतु कोणास सुचले नाही.

तात्पर्य, कोणी कोणाचा अपमान केला नाही आणि कोणी भांडले नाही, बाहेर काय उठले ते खोटे. मुलाने आणिला हात पुरा करू नये, ऐसे ताईंनी आपण होवोन फळ्यावर लिहिले आहे, सबब त्यांस शब्द लावू नये. शब्द लावणे तर आम्हांस लावावा, आम्हांस ठाऊक होते आणि आम्ही बोलिलो नाही. देखिले तितके लिहिले, पदरचे घातले नाही. येथे लेखणी ठेविली.