आबांच्या माश्यांची वाटणी

एका पेटीच्या दहा पेट्या! आणि तेही वर्षाच्या आत! शहाण्णव सालच्या दिवाळीत मी ही घोषणा केली, तेव्हा माझ्या हातात मधमाशीपालनाच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं आणि ऐकायला समोर फक्त बायको होती.

"पर ती एक तरी तुमची हाय का?" सारजा म्हणाली. "ती मामंजींची. वाटणी व्हायचीय अजून."

चांगल्या कामात पहिला मिठाचा खडा टाकायला आमच्या घरात सारजाच असते. पण ती बोलली ते खरं होतं. आमचे वडील, म्हणजे आबा, वर्षापूर्वी गेले. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, मी आणि धाकटा भाऊ दादासाहेब यांनी चिंचेच्या फांद्यासुद्धा वाटून घेतल्या. राहिल्या होत्या आबांच्या मधमाश्या. कालव्याकडच्या जांभळीच्या ढोलीतून त्या काढून आबांनी स्वतः ठोकलेल्या एका खोक्यात ठेवल्या होत्या. खोकं एका कोपऱ्यात फुटलेलं, आतून मेणानं काळंकुट्ट, वास तर विचारू नका! प्रशिक्षणाहून आल्या आल्या मी माश्या नव्या पेटीत घातल्या आणि ते खोकं गोठ्यामागं भिरकावलं.

या वाटणीत आमच्या थोरल्या बहिणीचं, रतनअक्काचं नाव कसं नाही? सांगतो. अक्का गावातच दिलेली, ओढ्यापलीकडं. मुलींच्या वाट्याचा नवा कायदा आल्यापासून तालुक्यातले भाऊ बहिणींशी फार गोड बोलायला लागले होते. आम्हीही बोललो! इंदापूरच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, एसटी स्टँडवर तिला भेळ खाऊ घातली आणि वर साडी दिली. साडी जांभळी होती. ती दादासाहेबानं निवडली होती.

सही करून झाल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "आबाची आठवण म्हणून कायतरी द्या रं."

आम्हा दोघांना एकदमच ते फुटकं खोकं आठवलं. उभ्या आयुष्यात आमचं एकमत झालं ते तेवढंच! त्याच दिवशी मी ते अक्काच्या परड्यात पोचतं केलं.

आता माझी योजना ऐका. पेट्या वाढवायचे दोन मार्ग. रानातला थवा रिकाम्या पेटीकडं ओढायचा, नाहीतर भरल्या पेटीचे दोन भाग करायचे. थव्यासाठी मी तीन पेट्या सुताराकडून करून घेतल्या, निळ्या ऑइलपेंटनं रंगवल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत 'भिमराव मधुवन' लिहिलं आणि बांधावर मांडल्या. महिन्याभरात पहिलीत मुंग्या आल्या. दुसरीत पाल आली. तिसरीत दादासाहेबाच्या कोंबडीनं अंडी घातली आणि ती अंडी कुणाची, यावरून आमचं आठवडाभर बोलणं बंद झालं.

संक्रांत झाली तशी सूर्यफुलं फुलली आणि आबांची पेटी माश्यांनी उतू जायला लागली. मी ती फोडायला, म्हणजे तिच्या दोन करायला घेतली तोच बांधावरून दादासाहेब आला. सोबत सिद्धूतात्या. तात्या गावातले पिढीजात पंच. त्यांनी आजवर सतरा वाटण्या केल्या होत्या आणि त्यांतल्या चौदा कोर्टात होत्या.

"अण्णा, माश्या आबांच्या. निम्म्या माझ्या," दादासाहेब म्हणाला.

"आरं, पर त्यातलं शिकलंय कोण? मी!"

"इहिरीत पव्हायला बी तूच शिकलास. म्हणून पाणी तुझं हुतंय व्हय?"

तात्यांनी मान डोलावली. म्हणजे संपलंच! आत मेणाच्या आठ चौकटी होत्या, चार-चार वाटल्या; दादासाहेबाच्या चार त्यानं आणलेल्या रिकाम्या पेटीत गेल्या. राणीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी माझी निघाली आणि दादासाहेबानं आकाशपाताळ एक केलं.

"तुझ्या चौकटीत अंडी हायती. त्यातनं माश्या नवी राणी तयार करत्यात. पंधरा-सोळा दिवस लागतील," मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो.

"म्हंजी तुला तयार आन् मला वायद्यावर!"

तरी त्यानं पेटी उचलली आणि बांध ओलांडून दहा पावलांवर आपल्या हद्दीत ठेवली. माझी होती तिथंच राहिली. चार वाजता पाहतो तर त्याच्या पेटीवर दोन-चार माश्या रेंगाळताहेत आणि माझ्या दाराशी बाजाराची गर्दी!

"तात्या! माझ्या वाटणीच्या माश्या ह्याच्याकडं कामाला जात्यात!"

त्याचं काय आहे, माशीच्या डोक्यात पेटीची जागा पक्की बसलेली असते. पेटी हलवली तरी ती जुन्या जागीच परत येते. म्हणून विभाजनानंतर नवी पेटी कोसभर लांब न्यावी, असं प्रशिक्षणात चौथ्या दिवशी सांगितलं होतं. चौथ्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती आणि दुपारी मी झोपलो होतो. दादासाहेबाला मात्र मी सांगितलं, "माश्यांना माणूस कळतो."

तात्यांनी डोळे मिटले, तंबाखू मळली आणि निकाल दिला. "मूळ जागा आबाची. तवा पाळी लावा. एक दिस भिमाची पेटी तितं, दुसऱ्या दिशी दादाची. इहिरीला चालतंय, तर माश्यांना का न्हाय?"

मी विरोध करायला हवा होता. पण पहिली पाळी माझी होती, म्हणून मीही मान डोलावली.

नऊ दिवस हा कारभार चालला! रोज सकाळी पेट्यांची उचलाउचल, आणि रोज दुपारी झाकण उघडून भावानं काही पळवलं तर नाही ना, याची तपासणी. माझा डावा डोळा सुजला. दादासाहेबाचा ओठ सुजला, त्यामुळं त्याच्या शिव्या निदान समजेनाशा झाल्या. तात्यांना माशी नको तिथं चावली आणि ते आठवडाभर उभ्यानं न्याय देत होते.

दहाव्या दिवशी भर दुपारी माझ्या पेटीतून घोंगावत सगळ्या माश्या बाहेर पडल्या. दादासाहेबाकडच्या उरल्यासुरल्याही त्यांत सामील झाल्या. राणीसकट सगळा थवा वर उठला आणि ओढ्याकडं निघाला! खाली मी धावतोय, मागं थवा खाली बसावा म्हणून सारजा थाळी बडवतेय, दादासाहेब मूठमूठ माती उधळतोय. ती सगळी माझ्या डोक्यात पडत होती.

ओढा ओलांडला. समोर अक्काचं परडं. शेवग्याखाली दोन दगडांवर आबांचं ते खोकं ठेवलेलं, आणि फुटक्या कोपऱ्यातून माश्या रांगेनं आत चाललेल्या! जुन्या मेणाच्या वासानं थवा येतो, हे पाचव्या दिवशी सांगितलं होतं. पाचव्या दिवशी मी जागा होतो. वहीत लिहूनही घेतलं होतं. पण निळ्या पेट्या दिसायला फार देखण्या होत्या हो!

अक्का शेंगा निवडत बसली होती.

"अक्का, ह्या आमच्या माश्या," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. नऊ दिवसांत 'माझ्या' सोडून 'आमच्या' पहिल्यांदाच निघालं तोंडातून.

"तुमच्या? मी बोलवाय आल्ते व्हय?"

एवढ्यात तात्या धापा टाकत पोचले. आम्ही आशेनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी लांबूनच खोक्याकडं पाहिलं, एक हात मागं नेऊन जपून धरला आणि म्हणाले, "खोकं रतनचं. खोक्यात आलं ती बी रतनचं."

"ऱ्हाऊ द्या तात्या, तोंडी नगं," अक्का म्हणाली. "सगळं कागदावर असावं, ही भावांनीच शिकवलंय मला."

तिनं घरातून वही आणली. तात्या लिहू लागले आणि अक्का शब्द न् शब्द सांगत होती. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, आमचा व आमच्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही.' आमच्याच कागदातलं सगळं पाठ होतं तिला! त्या दिवशी कचेरीत ती मान खाली घालून गप्प बसली होती, ती वाचत होती हे आम्हाला कुठं माहीत? मला फार लाजल्यासारखं झालं. पण अंगठ्यावर एक माशी येऊन बसली होती, म्हणून आधी सही केली.

मग अक्कानं चहा दिला, दोघांना कुंकू लावलं आणि रीतीनं टॉवेल-टोपी हातात ठेवली.

पुढच्या दिवाळीला दहा पेट्यांचं काय झालं म्हणता? अक्काकडं चार झाल्या. त्यांतल्या तीन माझ्याच. तिनं मागितल्या, मी दिल्या. तिनं निळा रंग खरवडून काढला, आतून जुनं मेण चोळलं, एकीत थवा आला आणि दोन तिनं फोडून भरल्या. नवी पेटी प्रत्येक वेळी माळेगावच्या नणंदेकडं महिनाभर ठेवून आणली. प्रशिक्षण नाही की प्रमाणपत्र नाही!

टॉवेल मात्र उत्तम निघाला. दोन वर्षं रोज वापरतोय, रंग तसाच आहे. यंदा भाऊबीजेला मी अक्काजवळ त्याचं कौतुकही केलं.

"जाईल कसा?" ती म्हणाली. "बघून घेतला हुता. तुमच्या साडीचा पहिल्याच पाण्यात गेला."

ती साडी दादासाहेबानं निवडली होती, हे मी वर सांगितलंच आहे.