कानात शिट्टी मारणारा फोन

धाऊकाकांनी नवा फोन हसनच्या काउंटरवर असा आपटला, की काचेतली कव्हरंसुद्धा हादरली.

"हा परत घे! कानाला लावला की कानातलं यंत्र कुकरवानी शिट्टी मारतंय!"

"काका, काल इथंच फोन लावून बघितला ना? मी विचारलं ऐकू येतंय का, तुम्ही म्हणालात येतंय."

"तू म्होरं उभा राहून बोंबलत हुतास! ते फोनातून नाय, तुज्या तोंडातून ऐकलं मी!"

गिऱ्हाइकं हसली, तसा काकांचा पारा आणखी चढला. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. लेक सुप्रिया मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत राहायची. तिनं निक्षून सांगितलं होतं, फोनवर ऐकू येत नसेल तर दहिवलीच्या घराला कुलूप लावायचं आणि बाबांनी तिच्याकडे यायचं. तिसरा मजला. अंगण नाही, कोंबड्या नाहीत. नुसत्या विचारानं काकांना घाम फुटायचा.

हसननं आणखी फोन काढले. एकाचा कॅमेरा भारी, दुसऱ्याचा रंग झकास.

"मला काय लगीन लावायचंय त्याच्याशी? ऐकू येनारा दे!"

शेवटी वैतागून, दोष यंत्रातच आहे की काय ते बघायला, हसननं ते आपल्या खिशातल्या फोनला ब्लूटूथनं जोडलं आणि गाणं लावलं. काकांच्या कानात थेट ढोलकी कडाडली. शिट्टी नाही, खरखर नाही.

"हाच दे!"

"हा माझा आहे, काका! असा मागवावा लागेल. बाहेर बसा, चहा घ्या जरा."

काका धुमसतच शेजारच्या टपरीवर जाऊन बसले. यंत्र फोनपासून सोडवायचं मात्र हसन विसरला. काकांनी चहाचा घोट घेतला आणि कानात सुप्रिया बोलू लागली.

"हसनभाऊ, बाबा आलेत ना? त्यांच्या गळ्यात कालचाच फोन परत मारा. ऐकू आलं नाय की मुकाट येतील माझ्याकडं. लय हट्टी हायेत."

आत हसन फोन कानावर दाबून ओरडत होता, "हॅलो! ताई, मोठ्यानं बोला! कायच ऐकू येत नाही!"

काका चहा तसाच टाकून तरातरा दुकानात शिरले आणि त्यांनी हसनच्या हातातला फोन हिसकावला.

"सुप्रिये, तुजा बाप बोलतोय. टपरीवर बसून समदं ऐकलं."

पलीकडून बारीक आवाज आला, "बाबा... खरंच ऐकू येतंय?"

"आत्ता आवंढा गिळलास ना गं, तोबी ऐकला!"