एकमताने पांढरे बटण

ज्या तक्रारीची नोंद नाही ती तक्रारच नव्हे, हे सुशासनाचे मूळ तत्त्व वारज्याच्या आमच्या सोसायटीला फार कष्टाने सापडले. मी वेबसाइट उपसमितीचा सभासद आहे, तेव्हा अभिमान लपवणार नाही.

वेबसाइटची थीम, म्हणजे तिचे एकंदर रंगरूप, चेअरमन संपतराव यांनी निवडली. (सोसायटीची जमीन मूळची त्यांची. जमिनीसोबत रंगाचा अधिकार विकलेला नाही, असे ते मानतात.) थीमचा हुकूम असा, की बटणावरची अक्षरे पांढरीच. तक्रारपेटीचे प्लगइन, म्हणजे साइटला वरून बसवलेला जोड, सेक्रेटरी अनिरुद्ध यांनी आणला. त्यात बटणाचा रंग थेट बटणावरच लिहून ठेवलेला: पांढरा. बिल्डिंगला क्रीम रंगाचा नियम असला, तरी एखादा आपल्या ग्रिलला हवा तो रंग फासतो आणि तोच दिसतो, तसे हे. पान मुळातच पांढरे. त्यामुळे बटण गायब झाले.

उपसमिती बसली. मी म्हटले, "अक्षरे काळी करू."

"थीम माझी हाय. हात लावायचा न्हाई," संपतराव म्हणाले.

"मग बटण निळे करू."

"करा की! पण प्लगइन बंद पडलं तर जबाबदारी तुमची," अनिरुद्ध म्हणाले.

दोघांनीही आपापल्या रंगाला ‘अतिमहत्त्वाचे’ असा शेरा जोडला आणि संगणकाने तो मुकाट पाळला. शेवटी मीच तोडगा काढला. दोन्ही पक्षांना पांढराच हवा आहे, मग भांडण कसले? ठराव एकमताने मंजूर झाला. अनिरुद्ध यांनी पानावर सूचनाही लावली: ‘बटण आहे. दिसत नसल्यास नीट पाहावे.’

त्याच आठवड्यात बी विंगची लिफ्ट बंद पडली. (मी पहिल्या मजल्यावर राहतो.) सहाव्या मजल्यावर शालनताई, सरकारी नोकरीतून निवृत्त, गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले, आणि रविवारी खालच्या हॉलमध्ये त्यांची मुलगी मैत्री हिचा साखरपुडा. त्यांनी अनिरुद्धना फोन केला.

"अहो, लिफ्ट बंद आहे."

"तोंडी तक्रार चालत नाही, ताई. वेबसाइटवर टाका."

"बटण दिसत नाही."

"मग तीही तक्रार वेबसाइटवरच टाका."

मेकॅनिक बोलवायला नोंदलेली तक्रार लागते. नोंद शून्य. सबब लिफ्ट चालू होती.

रविवारी नवरदेवाकडच्या चौघांनी शालनताईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सहा मजले उतरवले. प्रत्येक वळणावर ताई डोळे मिटून घेत. खाली संपतराव हात जोडून उभेच होते.

"बघा ताई, लिफ्टवाचून काय अडलं का?"

"उतरायचं नाही अडलं," ताई म्हणाल्या. "आता मला वर कोण नेणार, तेवढं वेबसाइटवर टाका."

नवरदेवाकडचे जेवून गेले. ताई तेव्हापासून हॉलमध्येच राहतात. हॉलबद्दलही तक्रार आलेली नाही. वार्षिक अहवालात आमच्या समाधानी सभासदांचे प्रमाण शंभर टक्के आहे, आणि शेजारच्या सोसायट्या आमचा पांढरा मागायला येऊ लागल्या आहेत.

हे वाचून आपल्याला चीड आली असेल, तर या ओळीखाली बटण दिले आहे, ते दाबावे. अजून एकाही वाचकाने दाबलेले नाही, यावरून आपण सगळे आमच्याच बाजूचे आहात हे सिद्ध होते.