शेवटची सही

इमारतीत दर रविवारी ठरावाचा कागद फिरवण्याची पद्धत होती. रखवालदार पॅड पुढे धरायचा. लोक वर कुणाची तरी सही आहे ना, एवढं बघायचे आणि खाली आपली ठोकायचे. वाचायचं काय त्यात? बाकीचे काय वेडे आहेत?

तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना तर अक्षरओळखच नव्हती, ते अंगठा उठवायचे. साठी उलटल्यावर त्यांना हुक्की आली आणि ते इमारतीतच शिकवणाऱ्या बाईंच्या संध्याकाळच्या वर्गात बाराखडी गिरवू लागले. सहा महिन्यांनी त्यांनी जन्मात पहिल्यांदा एक कागद सलग वाचला. नेमका तो येत्या रविवारी फिरायचा ठराव निघाला.

'लिफ्ट फक्त सेक्रेटरींसाठी. सेक्रेटरी दिसताच रहिवाशांनी भिंतीला चिकटून उभे राहावे. संध्याकाळचा वर्ग बंद. त्या खोलीत सेक्रेटरींच्या चपला राहतील. खोली चपलांना अपुरी पडत असल्याने शिंप्याने आठ दिवसांत घर रिकामे करावे.'

 चाळीस वर्षं त्या घरात काकांची मशीन चालली होती. त्यांनी ठरावांची जुनी फाईल उघडली, तर 'सेक्रेटरी तहहयात राहतील' हाही ठराव झालेला.

"बाई, या जुन्या ठरावावर तुमची सही?"

"वर डॉक्टरांची होती ना. शिकलेला माणूस."

डॉक्टर म्हणाले, "वर वकिलांची होती."

वकील म्हणाले, "वर तुमचा अंगठा होता, काका. म्हटलं, गरिबाची हरकत नाही, तर मी कशाला घेऊ?"

काका ओशाळले. पण रविवारी तो नवा ठराव सह्यांना निघाला तेव्हा ते रखवालदारासोबत दारोदार फिरले आणि प्रत्येकाला तो मोठ्याने वाचून दाखवला.

"वा, उच्चार सुधारले हो," बाई कौतुकाने म्हणाल्या. "पण आवरा, दूध उतू जातंय." आणि सही ठोकून त्यांनी स्वतःचाच वर्ग बंद केला.

समोरच्या दारातल्या काकूंनी तर डोळे पुसले. "असेल बिचारा कुणी शिंपी," म्हणाल्या आणि सही केली.

ज्याला काढायचं त्याची सही नियमाने लागत नाही. बाकी सगळ्यांची लागते, एकही कमी चालत नाही. काका अजून घरात आहेत, कारण चौथ्या मजल्यावरची एक सही राहिली आहे.

ती तुमची. रखवालदार दाराशी उभा आहे, पेन पॅडला दोरीने बांधलेलं आहे. आणि वाचता येत नाही, असं तुम्हाला आता म्हणता यायचं नाही.