पोहोचतोच

"बाबा, आज हत्यारांची बॅग घरी. फोनपण बंद. शाळेचा माझा शेवटचा समारंभ आहे. प्रमाणपत्र घेताना तुम्ही समोर दिसला नाहीत ना, तर बोलणारच नाही मी!"

"अगं, पोहोचतोच मी."

"तेवढं म्हणू नका! नाटकाला पोहोचतोच, बक्षिसाला पोहोचतोच. आलात का कधी?"

नव्हते आले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची नोकरीच तशी. लेकीच्या प्रत्येक कार्यक्रमाला कुठल्या तरी लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलेलं असायचंच.

लेक पुढे गेली. बाबांनी बॅग कोपऱ्यात ठेवली, बायकोसमोर फोन बंद केला आणि तिची पाठ वळताच पुन्हा चालू केला. नुसता आवाज बंद ठेवला. सवय हो, दुसरं काय!

शाळेचं सभागृह होतं चौथ्या मजल्यावर.

"जिन्याने जाऊ," बाबा घाईघाईने म्हणाले.

"नव्या चपला चावतायत मला. लिफ्ट असताना जिना कशाला?"

आता बायकोला काय सांगायचं? ही लिफ्ट कुरकुरते अशी तक्रार मागच्याच आठवड्यात आली होती. आजच्या कोटासाठी शिंप्याकडे जायचं म्हणून बाबांनीच ती पुढे ढकलली होती. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई प्रमाणपत्रांचा गठ्ठा छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरल्या. "या ना, भरपूर जागा आहे!"

लिफ्ट निघाली आणि कुरकुरली. चौथा मजला हातभर राहिला असताना एक गचका बसला आणि सगळं थांबलं.

"अगंबाई! घाबरू नका हं," असं स्वतःच घाबरून म्हणत बाईंनी भिंतीवरचा तातडीचा नंबर फिरवला. बाबांचा खिसा थरथरला. हात आपोआप गेला, फोन आपोआप कानाला लागला. "घाबरू नका, बटणं दाबू नका, पोहोचतोच मी!"

बाईंना हे दोन्ही कानांनी ऐकू आलं. बायकोने सावकाश मान वळवली.

"फोन बंद होता ना?"

"म्हणजे... तसा बंदच."

"अहो, लिफ्टवाले तुम्हीच?" बाईंचा जीव भांड्यात पडला. "मग करा की सुरू!"

"हत्यारं घरी आहेत."

"घरी कशाला ठेवलीत?"

"मुलगी म्हणाली म्हणून."

"वा! दोन गोष्टी सांगितल्या होत्या तिने," बायको म्हणाली. "त्यातली नेमकी हीच ऐकलीत."

बाबांना दरदरून घाम फुटला. नवा कोट पाठीला चिकटला. "आता वर नाव पुकारतील पोरीचं, आणि मी इथे! संपलं सगळं."

"कोण पुकारणार? पुकारणारी मी, आणि प्रमाणपत्रं ही माझ्या हातात."

"म्हणजे सगळ्याच पोरांचा समारंभ माझ्यामुळे अडला!" बाबांनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने घंटेचं बटण धरून ठेवलं.

थोड्या वेळाने बाहेरून ओळखीचा आवाज आला. "आत कोण आहे?"

"मी गं!"

"बाबा? लिफ्ट अडकली म्हणाले तेव्हाच वाटलं, गेले तुम्ही दुरुस्तीला. पण आत काय करताय?"

"ते नंतर सांगतो. मला माफ कर बाई. तुझा समारंभ—"

"बाबा, दारापासून मागे सरका."

"थांब! आधी मुख्य स्विच बंद—"

"केलाय."

"आणि दार हळू—"

"बाबा, गप्प!"

खट्ट झालं. दार सरकलं. वर समारंभाच्या काळ्या झग्यात लेक गुडघे टेकून बसली होती, हातात लिफ्टचं दार बाहेरून उघडायची किल्ली.

"ही तर माझ्या बॅगेतली!"

"सकाळी काढून घेतली. तुम्हाला बॅग आणू नका म्हटलं खरं, पण जिथे तुम्ही तिथे लिफ्ट अडकणार, एवढं कळतं मला."

आधी बाईंना वर काढलं, मग आईला. शेवटी बाबांना लेकीने हाताला धरून ओढलं. तिच्या पंजाचं ग्रीस बाबांच्या नव्या कोटावर उमटलं. बाबांना ते पुसावंसंच वाटेना.

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. लेकीने नुसतं पाहिलं. बाबांनी बिचकत तो कानाला लावला.

"लिफ्टवाले ना? मी शाळेतून शिपाई बोलतोय, चौथ्या मजल्यावरच्या सभागृहातून. आमच्या बाई लिफ्टमध्ये अडकल्यात वाटतं. लवकर या हो, मुलं खोळंबलीत!"

बाबांनी समोर पाहिलं. सभागृहाचं दार दहा पावलांवर होतं.

"पोहोचतोच," बाबा म्हणाले, आणि लेकीच्या आधी आत शिरले.