गाडीला इंजेक्शन

"सूनबाई, हिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. हिच्यात सगळं एकमेकांशी बोलतं. ब्रेक दिव्याशी बोलतो, दिवा बॅटरीशी बोलतो. मध्ये तिसऱ्याने तोंड घातलेलं हिला खपत नाही!"

नवी मोटरसायकल दारात आली त्या दिवशी माझे सासरे मला हे म्हणाले. मी हसले.

"बाबा, वायर ती वायर! आत तांबं, वर प्लास्टिक. ती काय बोलणार? आणि मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय!"

हे शेवटचं वाक्य मी आता आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याबद्दल पगार घेतला, असा भाग्यवान माणूस! निवृत्तीनंतर लोक कुंड्या लावतात. बाबांनी कुंड्याही लावल्या आणि वर मोटरसायकल घेतली. रोज सकाळी माझ्या लेकीला, चिमणीला, पाठीशी पट्ट्याने बांधून ते बालवाडीत सोडत. गाडीची माहितीपुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, आणि तिच्यातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्तही केल्या होत्या. असा माणूस!

आणि मी कशी? चिमणी शिंकली की मी थर्मामीटर शोधते. नाही शिंकली तर आज का शिंकली नाही म्हणून शोधते. ती गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, की पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी खिडकीतून हलत नसे. कढईतलं करपो, कुकर शिट्ट्या मारून थको!

मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागले. एक दाढीवाला माणूस हसत हसत गाडीला वाट्टेल ते जोडायचा. "अगदी सोप्पं आहे, मित्रांनो!" मला पटलं. मी तीन वस्तू मागवल्या. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारा ट्रॅकर, मागून येणाऱ्यांना चिमणी दिसावी म्हणून ब्रेकबरोबर लुकलुकणारा जादा दिवा, आणि बाबांच्या गाडीचा मूळचा हॉर्न फारच सभ्य होता म्हणून एक मोठा हॉर्न.

बाबा आणि सासूबाई वन्संकडे राहायला गेल्या गेल्या मी सीट उघडली.

आत बघते तर काय! व्हिडिओतल्या गाडीत लाल, काळी, पिवळी अशा शहाण्या वायरी सुट्या दिसत होत्या. आमच्या गाडीत सगळ्यांनी मिळून एक काळी पट्टी पांघरली होती, शाळेच्या गॅदरिंगमध्ये रेल्वे झालेल्या पोरांनी चादर पांघरावी तशी. कोण कुठे चाललंय, पत्ता नाही! मी पट्टी सोडली. टेस्टर टोचला. शेजारी चिमणी स्टुलावर बसून गंभीरपणे बघत होती.

"आई, तिला दुखतंय का?"

"नाही ग, तिला बरं वाटावं म्हणून करतेय."

ट्रॅकर थेट बॅटरीला जोडला. दिवा ब्रेकच्या वायरीला. हॉर्नची वायर हॉर्नच्या वायरीला जोडायची होती. तपकिरी वायरीला, असं दाढीवाला म्हणाला होता. आमच्याकडे तपकिरी वायरी दोन निघाल्या. मी त्यातली जास्त तपकिरी निवडली.

सगळं बंद केलं. फोनवर नकाशा उघडला, आणि आमच्या घरावर एक हिरवा ठिपका टपकन उगवला! मला इतका आनंद झाला की हॉर्न तपासायचा राहिला. एक स्क्रूही राहिला. तो कुठला ते कळेना, म्हणून मी तो बाबांच्या कुंडीत खोल पुरला. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

बाबा परत आले आणि गाडी सुरू होईना!

"किल्ली चालू ठेवून गेला असाल बाबा," माझा नवरा सहज म्हणाला.

"मी बंद केली होती."

"मग बॅटरी कशी उतरली?"

बाबा किल्लीकडे बघत राहिले. "केली होती ना मी बंद?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"मला काय विचारता? मी काय गाडीची किल्ली बघायला बसले होते?"

चालू कशाला राहतेय किल्ली! माझा ट्रॅकर त्या एवढ्याशा बॅटरीला, बाळाने बाटली चोखावी तसा, रात्रंदिवस चोखत बसला होता. आता सांगून टाकावं. मी तोंड उघडलं.

"चहा ठेवू?" मी म्हणाले.

नवऱ्याने बॅटरी चार्ज करून आणली. दुसऱ्या दिवशी बाबा चिमणीला सोडून आले ते चेहरा पाडूनच. बालवाडीच्या दारात त्यांनी ब्रेक दाबला आणि ट्रक अंगावर आल्यासारखा हॉर्न वाजला! पोरं रडायला लागली, एका आईच्या हातून डबा पडला, आणि बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, जरा बेताने!"

"हॉर्नवर बोट पडलं असेल माझं," बाबा म्हणाले. "पण पडलेलं कळलं कसं नाही मला?"

त्या दिवशी दुपारभर ते आपला अंगठा समोर धरून बघत होते. थरथरतोय का म्हणून.

जास्त तपकिरी वायरही ब्रेकचीच होती, हे मला तेव्हा, ताट धुताना कळलं. हातातलं ताट निसटलं.

"काय झालं ग?" सासूबाई.

"चहा ठेवते!"

हॉर्नचं तरी काही धोरण असावं! तेही नाही. गाडी सुरू केल्यावर कुठल्याही एक-दोन ब्रेकला वाजायचा, मग चिडीचूप. त्यामुळे बाबांना त्याचा माग लागेना. वर हँडलवरच्या मीटरच्या काचेत एक पिवळा दिवा पेटून राहिला. बाबांनी पुस्तिका काढली. "मी गाडी कंपनीच्या दुकानात दाखवून येतो," ते म्हणाले.

दुकानात! तिथे सीट उघडतील! "आत्ता नको बाबा," मी घाईघाईने म्हणाले, "तिथे फार गर्दी असते. आणि नव्या गाड्यांचे दिवे लागतातच हो असे. सवय होते त्यांची."

हे मी म्हणाले. फिजिक्स घेऊन.

जेवताना एकदा चिमणी म्हणाली, "आईने आजोबांच्या गाडीला इंजेक्शन दिलंय."

सगळे खो खो हसले. "कुठे दिलं ग, दंडावर?" नवऱ्याने विचारलं. "नाही, ढुंगणावर. सीट उघडून," चिमणीने अगदी खरी माहिती दिली. आणखी हसले! मी सगळ्यांत जास्त हसले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं. चतकोर पोळी तशीच ठेवून ते गॅस बंद आहे का बघायला तिसऱ्यांदा उठले होते.

मग गाडी भर चौकात बंद पडली. मागे चिमणी. लोकांनी ढकलून कडेला घेतली. ट्रॅकरने बॅटरी पुन्हा संपवली होती, आणि बॅटरी उतरत आली तसा ट्रॅकर आदल्या रात्रीच आमच्या दारात झोपला होता. म्हणजे लेक आणि सासरे चौकात अडकले तेव्हा माझ्या नकाशावर हिरवा ठिपका आमच्या दारात शांत उभा होता, आणि मी खिडकीत न बसता आयुष्यात प्रथमच निवांत भाजी चिरत होते!

संध्याकाळी वन्संचा फोन आला. तो स्पीकरवर टाकला गेला.

"वहिनी, बाबांना विसरायला होतंय ग! किल्ली चालू ठेवतात, हॉर्नवरचा हात काढत नाहीत. बाबा, डॉक्टरांना दाखवू या. आणि ती गाडी आधी विका! उद्या काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही त्यांना," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. "बेचाळीसचा पाढा आत्ता म्हणून दाखवतील. म्हणा हो!"

बाबांनी पाढा म्हटला नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ती बरोबर बोलतेय. पोर मागे असते. विकून टाका."

मी तोंड उघडलं. या वेळी अगदी पूर्ण उघडलं.

"चहा..."

"अग, किती चहा!" नवरा ओरडला. "आठवडाभर कुणी झोपलं नाहीये या घरात!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी किल्ली घेऊन सीट उघडली. सगळं काढून टाकायचं, गाडी बरी होईल, बाबा बरे होतील, कुणाला काही कळायलाच नको! पण मी माझ्या वायरींनाही तीच काळी पट्टी इतकी मनापासून गुंडाळली होती, की आता कंपनीची वायर कोणती आणि सुनेची कोणती, ते कळेना. कापायला घेतलेली कात्री मी तशीच खाली ठेवली. मी सीट लावली आणि आत गेले. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. पेन्सिल शेजारी पडली होती. पहिल्याच पानावर मथळ्यात ढळढळीत चूक होती, आणि तिच्याभोवती त्यांचा नेहमीचा पेन्सिलीचा गोल नव्हता.

त्यानंतर मला खरंच झोप लागली नाही. तरीही मी बोलले नाही, हे लिहून ठेवते.

रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक आलं. पोहायला शिकवणारे एक मास्तर होते, अंगाने दारात न मावणारे. नवऱ्याने बॅटरी ताजी चार्ज करून ठेवली होती. बाबा आत बसतो म्हणत होते, पण सासूबाईंनी त्यांना ओढून बाहेर आणलं. "घेऊन जाईपर्यंत तरी बघा तिच्याकडे!"

मी चहा घेऊन बाहेर आले. या वेळी खरोखरच मागवलेला. माझा फोन चिमणीच्या हातात होता. गाणी ऐकायला तिने आवाज पूर्ण मोठा केला होता.

मास्तर गाडीवर बसले. त्यांनी तिला जरा इकडून तिकडे हलवलं.

आणि चिमणीच्या हातातून आगीच्या बंबासारखा भोंगा उठला! मागोमाग एका बाईचा अत्यंत काळजीचा आवाज: "सावधान! तुमचं वाहन हलवलं जात आहे! सावधान! तुमचं वाहन हलवलं जात आहे!"

मास्तर टुणकन उतरले. भोंगा थांबला. परत बसले. "सावधान!"

"ही कोण बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, जाहिरात असेल," मी म्हणाले.

"तुझ्या फोनला गाडी हललेली कळते कशी?" नवरा म्हणाला. हळू म्हणाला.

मास्तरांना वाटलं, किल्ली फिरवली की बाई गप्प बसेल. त्यांनी फिरवली. बाई गप्प बसली. मग त्यांनी सवयीने ब्रेक दाबला.

भोंऽऽऽ!

समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. अंगठे आकाशात. पाय मात्र ब्रेकवर तसाच, आणि हॉर्न चालूच!

बाबा मास्तरांच्या अंगठ्यांकडे बघत होते. मग त्यांनी त्यांच्या पायाकडे बघितलं. मग आपल्या अंगठ्याकडे. मग, फार सावकाश, माझ्याकडे.

"इंजेक्शन!" चिमणी आनंदाने म्हणाली. "मी सांगितलं होतं!"

मी ट्रे खाली ठेवला आणि सगळं बोलले. एका श्वासात, मास्तरांसमोर, उघड्या खिडक्यांसमोर. ट्रॅकर, दिवा, हॉर्न, जास्त तपकिरी वायर. बोलताना मी गाडीकडेच बघत होते. माणसांकडे बघण्याची माझी लायकी नव्हती.

बाबा आत गेले. मला वाटलं, आता सामान बांधून वन्संकडे जाणार. पण ते पुस्तिका घेऊन आले आणि पिवळ्या दिव्याचं पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. गाडीत एक छोटा डबा असतो. तो प्रत्येक दिव्यावर सतत नजर ठेवून असतो, अगदी माझ्यासारखा. एखाद्या वायरीवर नेहमीपेक्षा जास्त भार आला, की घाबरून ती वायर बंद करतो. आणि ती बंद केली हे सांगायला पिवळा दिवा लावतो. म्हणून माझा हॉर्न एकदा-दोनदा वाजून गप्प व्हायचा.

"आणि त्याच्याबरोबर ब्रेकचा दिवाही," बाबा म्हणाले.

मला कळायला एक क्षण लागला. मागून येणाऱ्यांना चिमणी दिसावी म्हणून मी दिवा लावला होता. त्या दिव्याने आणि हॉर्नने मिळून तिच्या पाठीमागचे ब्रेकचे सगळेच दिवे घालवले होते. आणि दुकानात जाऊ नका, हे मीच सांगितलं होतं.

मी पायरीवर बसले. मास्तरांनी मला माझाच एक चहा दिला.

बाबा कुंडीकडे गेले. खोडापाशी माती उकरून त्यांनी स्क्रू काढला, बोटांनी पुसला.

"हा पाणी घालताना सापडला होता मला. बरेच दिवस झाले. परत तिथेच पुरून ठेवला. कुणाला दाखवला नाही."

"का हो?" सासूबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, मीच पुरला असेन. आणि विसरलो असेन."

चहा ठेवू का, असं या वेळी मी विचारलं नाही.

गाडी विकली नाही. मास्तर जाताना म्हणाले, की इतकी बोलकी गाडी त्यांना झेपणारही नाही. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः ती दुकानात घेऊन गेले. माझ्या तिन्ही वस्तू काढल्या, स्क्रू जागेवर बसला, ब्रेकचा दिवा लागला. परत आल्यावर त्यांनी ट्रॅकर माझ्या पर्समध्ये टाकला.

"हा तू बाळग, सूनबाई. आम्ही सगळे सापडतो. तूच अधूनमधून सीटखाली हरवतेस."

मग वर्तमानपत्र उघडून त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. पहिल्याच पानावर चार गोल! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि बाहेर येऊन कांदा चिरत होते असं सांगितलं. त्या दिवशी कांदा नव्हताच घरात. बाबांनी तीही चूक पकडली असणार. नुसतं बघितलं माझ्याकडे, गोल केला नाही.

मी अजूनही खिडकीत बसते, पोहोचल्याचा फोन येईपर्यंत. ते काही सुटत नाही.

पण तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस हल्ली "मला विसरायला होतंय बहुतेक" असं म्हणत असेल, गॅस पुन्हा पुन्हा बघत असेल, आपला हात समोर धरून बसत असेल, तर आज जरा त्यांच्यापाशी जाऊन बसा. डॉक्टरांकडे न्या, जरूर न्या. पण निघण्याआधी एकदा घरातल्या शिकलेल्या सुनेला विचारा, तिने काही जोडलंय का.

आणि ती चहा ठेवते म्हणाली, तर सीट उघडून बघा!