तांबड्या मामाचं अपहरण

अनिसेतो बारियेंतोस यांच्या म्हणण्यानुसार या खंडात खरे गुप्तहेर आजवर दोनच झाले. दुसरा कोण, हे ते सांगत नसत, कारण त्याचं काम त्यांना पसंत नव्हतं. "माझी नजर भिंतीच्या आरपार जाते," ते गिऱ्हाइकाला उभं करून ऐकवत. "माझ्या नाकाला गेल्या आठवड्यातली थाप आज कळते. आणि माझी स्मरणशक्ती... एल्मेर, माझ्या स्मरणशक्तीबद्दल काय ते सांग." मग त्यांचा सहायक एल्मेर सांगायचा, की साहेबांची स्मरणशक्ती अफाट आहे. हे त्याला रोज आठवणीने सांगावं लागे.

साहेब पूर्वी घड्याळं दुरुस्त करीत. पुढे लोकांच्या मनगटांवरून घड्याळं उतरली आणि डोळ्यात बसवायचं भिंग तेवढं मागे राहिलं. ते वाया जाऊ नये म्हणून त्यांनी गुप्तहेरगिरी सुरू केली. कचेरी जिन्याखाली होती, त्यामुळे ताठ उभं राहिलं की डोकं आपटे. म्हणून बरंचसं चिंतन एल्मेरच्या रिक्षात, मागच्या सीटवर चाले. सांता रूफिना गावात त्यांनी आतापर्यंत एका बोकडाचा तपास यशस्वीपणे पूर्ण केला होता. बोकड आपल्या पायांनी घरी आला होता, पण तपास चालू असतानाच आला, हा मुद्दा साहेब सोडत नसत.

त्या मंगळवारी साबिना कोंदोरी कचेरीत आली. गिरणीच्या गल्लीतली खानावळ तिची. तिचा नवरा एल्मेरचा जिवाभावाचा दोस्त होता आणि तो गेल्यावरही एल्मेर तिला वहिनीच म्हणायचा. दिवसभर गावभर भटकणाऱ्या एल्मेरला मागच्या बाकावर बसवून पोटभर वाढणारी गावात ती एकटीच होती, त्यामुळे तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याने तिला बसायला आपली जागा दिली.

"मामा गेला," साबिना म्हणाली.

साहेबांनी टोपी काढली. "ईश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो. खून की विष?"

एल्मेरला समजावून सांगावं लागलं. मामा म्हणजे आग विझवायचं तांबडं नळकांडं. दुकान चालवायचं तर नगरपालिकेचा सुरक्षिततेचा दाखला हवा, दाखल्यासाठी तपासणी हवी आणि तपासणीला भिंतीवर नळकांडं हवं. गिरणीच्या गल्लीत दुकानं डझनभर, नळकांडं एक. साबिनाच्या नवऱ्याने पुढाकार घेऊन वर्गणीतून आणलेलं. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या घरी हा आदल्या दिवशी हजर, म्हणून त्याला सगळे तांबडा मामा म्हणत. तपासणी उरकली की मामाला संध्याकाळी दाराबाहेर पायरीवर ठेवायचं आणि पुढच्याने न विचारता उचलून न्यायचं, अशी रीत होती. मामाने आजतागायत एकही आग विझवली नव्हती. गल्लीतल्या आगी ओल्या गोणपाटाने विझत. मामाच्या पोटात काही आहे की नाही, हेही कुणी पाहिलं नव्हतं.

आदल्याच दिवशी, सोमवारी, न्हाव्याची तपासणी झाली, त्याने मामाला पायरीवर ठेवलं आणि तासाभराने साबिना न्यायला गेली तर पायरी रिकामी. गल्लीत कुणीही नेलेला नव्हता.

"गुरुवारी सकाळी माझी तपासणी," साबिना म्हणाली. "दाखला नाही मिळाला तर दाराला सील लागेल. रविवारी गावाचा उत्सव. वर्षभर मी त्या एका दिवसावर तगते, अनिसेतो. डुकराचं मटण मुरायला घालायचंय, आंबवलेल्या मक्याचे रांजण भरलेत. आईच्या वेळेपासून त्या चुलीला खंड नाही. माझ्या हातून पडायला नको."

नवीन का घेत नाहीस, असं एल्मेरने विचारून पाहिलं. गावातला दुकानदार नळकांडी ठेवत नव्हता. इथे मागणी नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

साहेबांनी भिंग डोळ्यात बसवलं. "हे साधं हरवणं नाही. हे अपहरण आहे. खंडणीची मागणी आली?"

"नाही."

"मग गुन्हेगार सराईत आहे."

तपास न्हाव्याच्या पायरीपासून सुरू झाला. पायरीवर पांढरी पूड सांडलेली होती. साहेबांनी ती बोटाने टिपून जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि शेजारच्या देशांतल्या टोळ्यांची नावं घेतली. न्हावी आतून म्हणाला, की ती पावडर आहे, मानेला लावायची. साहेबांनी त्याला संशयितांत घेतलं, कारण निर्दोष माणूस इतक्या झटकन उत्तर देत नाही.

पुढे भिंतीवर एक तांबडा ओघळ सापडला. मामाचा रंग, साहेब म्हणाले, आणि खात्री करायला तोही चाटला. ती कुणीतरी पुसलेली रोकोतो मिरची होती. पुढचा बराच वेळ साहेब नळाखाली तोंड धरून बसले आणि तिथूनच त्यांनी विषप्रयोगाची शक्यता बोलून दाखवली.

संध्याकाळपर्यंत संशय फ्रेदीवर आला. फ्रेदी समोरच्या कोपऱ्यावर कोळशावर कोंबड्या भाजून विकतो. साबिनाचं दार बंद झालं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे वळणार, हे उघड होतं. साहेबांनी भट्टीमागे लपून त्याच्यावर पाळत ठेवली. फ्रेदीने त्यांना पाहिलं, एक तंगडी खायला दिली आणि विचारलं, "काय हो, मामा सापडला का? पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे." तंगडी संपेपर्यंत साहेबांनी त्याला निर्दोष ठरवलं.

मग साहेबांच्या कानावर उत्सवाच्या बँडची तालीम पडली. सगळ्यात मोठ्या पितळी कर्ण्याचा आवाज त्यांना बसका वाटला. मामाएवढी वस्तू त्यात सहज बसेल, असा हिशेब करून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. हात बाहेर काढायला बँडमधली निम्मी माणसं लागली. वाजवणाऱ्याने शांतपणे सांगितलं, की आवाज बसका आहे कारण त्याला वाजवता येत नाही, तो मेव्हण्याच्या जागी आलाय.

बुधवारी सकाळी साहेब वेषांतराची तयारी करायला गेले. एल्मेर तेवढ्यात साबिनाला घेऊन नगरपालिकेत गेला. तपासणी आठवडाभर पुढे ढकला, एवढंच तिला विनवायचं होतं. रांग लांब होती. रांगेत माणूस इकडेतिकडे बघतो, तसं साबिनाने बघितलं. 'दाखल्याशिवाय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे' अशा पाटीखाली, नव्या कोऱ्या खिळ्यावर, मामा लटकत होता.

तिने एल्मेरचा दंड धरला आणि रांग सोडून थेट खिडकीशी गेली. आत तपासणी अधिकारी तेहादा बसले होते. गाव त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणे.

"मामा इथं काय करतोय?"

"कोण मामा?" तेहादांनी मान वर केली नाही.

"पोटाला पोचा असलेला. माझ्या नवऱ्याच्या हातून पडला होता."

तेहादांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांना बाजूच्या दाराने आत घेतलं. "पायरीवर ठेवला होता," ते हळूच म्हणाले. "ज्याची तपासणी त्याने उचलायचा, अशी तुमच्याच गल्लीची रीत ना? तपासणी माझी आहे."

"तुमची?"

"कचेरीची. उद्या प्रांताहून लासोबाई येतायत. या इमारतीला दाखला नाही."

"कधीपासून?"

"इमारत आहे तेव्हापासून."

साबिनाने विचारलं, "मग गावाला दाखले देता ते?"

"ते इमारतीत बसून देतो," तेहादा म्हणाले. "इमारतीचा त्यात संबंध येत नाही."

"आणि गल्लीत मामा एकच आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाई, तो पोचा मी इतक्या भिंतींवर तपासलाय, की माझ्या घरच्यांपेक्षा ओळखीचा झालाय."

भांडायला वेळ नव्हता. मामा साबिनाला दिला तर लासोबाई कचेरीला सील ठोकणार. दाखल्यावर मारायचा शिक्का कचेरीबाहेर नेता येत नाही, तोही आत अडकणार. म्हणजे मामा कचेरीत असल्याशिवाय साबिनाला दाखला नाही, आणि मामा खानावळीत असल्याशिवायही नाही. शेवटी एल्मेरनेच रिक्षाचा विषय काढला. सकाळी आधी खानावळ तपासायची, मग लासोबाई येण्याआधी मामाला परत खिळ्यावर टांगायचं.

त्या दिवशी एल्मेरने साहेबांना मामाचा ठावठिकाणा सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "तू मला पुरावे आणून दे. निष्कर्ष काढायला मी आहे." एल्मेरने आणखी एकदा तोंड उघडलं, पण साहेब तेव्हा अस्वलाच्या सोंगात शिरत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. उत्सवाच्या नाचातलं ते सोंग. या दिवसांत गावात अस्वल दिसलं तर कुणाला नवल वाटत नाही, हा त्यामागचा विचार होता, आणि तो तसा बरोबर होता.

गुरुवारी तेहादा खानावळीत आले. भिंतीवरच्या मामाकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं, वाकून पोचा पाहिला, "चांगल्या स्थितीत" असं पुटपुटले आणि सही केली. शिक्का राहिला. मग तेहादा आणि साबिना मागच्या सीटवर, मधे शाल पांघरलेला मामा, अशी रिक्षा निघाली.

पुलाशी अस्वल आडवं आलं.

"थांबा," अस्वल म्हणालं. "सरकारी अधिकारी सकाळच्या पारी शालीखाली नळकांडं घेऊन पळतोय. म्हणजे वस्तू सरकारी, चोर घरभेदी आणि रिक्षावाला सामील. एल्मेर, तुझ्याबद्दल मला वाईट वाटतं."

"साहेब, मीच तुम्हाला सांगणार होतो."

"कबुलीजबाब नंतर घेऊ."

साबिना रिक्षातून उतरली. "अनिसेतो, हात जोडते. उशीर झाला तर माझी चूल विझेल रे." एल्मेरला त्या क्षणी साहेबांना सोंगासकट नदीत ढकलावंसं वाटलं. पण अस्वलाने तोवर मामाला कवटाळलं होतं आणि ते नगरपालिकेच्या दिशेने चालू लागलं होतं. मामा जड, सोंग गरम, वाट चढाची. अस्वल दर कोपऱ्यावर विसावा घेत होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हतं. रिक्षा मागून चालली.

कचेरीत लासोबाई पोचल्या होत्या. रिकाम्या खिळ्यासमोर उभ्या राहून त्या विचारत होत्या, की इथे काय असतं. कारकून कागद चाळत होता. तेहादांनी दारातूनच ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. साबिनाने भिंतीला टेकून डोळे मिटले.

अस्वल आत गेलं.

"बाई," ते धापा टाकत म्हणालं, "या कचेरीतून चोरीला गेलेलं नळकांडं मी जिवाची पर्वा न करता परत आणलंय. तो खिळा पाहा. हे नळकांडं पाहा. दोन्ही एकत्र आणा, गुन्हा आपोआप उघड होतो." आणि त्याने मामाला खिळ्यावर टांगलं.

लासोबाईंनी मामाकडे पाहिलं, अस्वलाकडे पाहिलं आणि तेहादांकडे वळल्या. "तुम्ही हे बाहेर नेलं होतं?"

तेहादा खिशात रुमाल शोधू लागले. साबिना पुढे आली. "माझ्याकडे आणलं होतं, बाई. नळकांडं कसं टांगावं, हे शिकवायला. इंजिनिअरसाहेब घरोघर जाऊन शिकवतात."

"जनजागृती," लासोबाई म्हणाल्या. त्या खूश झालेल्या दिसल्या. त्यांनी नळकांडं हजर असल्याची आणि ते नगरपालिकेच्या मालकीचं असल्याची नोंद करवली, कचेरीला तिच्या आयुष्यातला पहिला दाखला दिला आणि गावात बरं जेवण कुठे मिळतं, अशी चौकशी करून खानावळीच्या वाटेला लागल्या.

तेहादांनी कपाळ पुसलं आणि साबिनाच्या दाखल्यावर शिक्का मारला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, दोनदा वाचला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एल्मेरला इतकं बरं वाटलं, की तो उगाचच कारकुनाशी हात मिळवून आला.

साबिनाने डोळे पुसले आणि मामाकडे बोट केलं. "आता आमचा मामा द्या."

तेहादा ओशाळले. "तो आता सरकारी झाला, बाई. नोंद झाली. बाहेर न्यायचा तर अर्ज करावा लागेल."

"पुढच्या महिन्यात फ्रेदीची तपासणी आहे. तो करेल अर्ज."

"त्याला देता येणार नाही. अर्जाला चालू दाखला जोडावा लागतो."

"म्हणजे दाखल्यासाठी मामा हवा, आणि मामासाठी दाखला."

"नियम आहे," तेहादा म्हणाले. त्यांनाही तो नियम आवडत नसावा, असं एल्मेरला वाटलं.

साबिनाने हातातल्या दाखल्यावर पुन्हा नजर टाकली. मग तिने आपला दाखला खिडकीवर ठेवला. शिक्क्याची शाई अजून ओली होती.

"हा चालू आहे ना?"

तेहादांनी दाखला उलटसुलट पाहिला. त्याच्याइतका चालू दाखला गावात दुसरा नव्हता. कचेरीचा तेवढा होता, पण तोही तिच्याच मामावर मिळालेला. "किती दिवसांसाठी हवंय?" त्यांनी विचारलं.

"तपासण्या चालू आहेत तोवर," साबिना म्हणाली.

तेहादांनी तसं लिहून घेतलं. मामाला शाल पांघरून रिक्षात साबिनाच्या शेजारी बसवण्यात आलं. साहेब सोंगाचं डोकं काखेत धरून बाहेर आले आणि या प्रकरणातले बारकावे सांगू लागले, पण सीटवर जागा उरली नव्हती, म्हणून ते चालत आले.